पौंड केक, पालथा केक आणि पडवीचा कोपरा

केक संपतो, त्याच्या गोष्टी मात्र डब्याच्या तळाशी चुरा साठावा तशा साठत जातात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी धाकटी बहीण मालती अमेरिकेतला मुक्काम आवरून कळंबला आमच्या घरी राहायला आली. येताना तिने मध्यभागी नळकांडे असलेला केकचा एक साचा आणला आणि त्याबरोबर एक ठाम मतही आणले. ‘क्रीमची गुलाबे काढलेले केक विसरा. अमेरिकेतल्या आज्या करत ते जुने, साधे केक पुन्हा करायला हवेत!’ तिचे म्हणणे मला पटले. क्रीमचा केक डिंभ्याच्या एसटीत चढतो केक म्हणून, उतरतो खीर होऊन.

दर बुधवारी आमच्या ओटीवर वर्ग भरू लागला. शेजारची प्रमिला हौसेने येई. शीला मात्र हेतू धरून येई. तिला केकच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या आणि गोल ओव्हन ठेवायला घरच्या पडवीचा एक कोपरा हवा होता. पडवी सासूची, म्हणजे भागाबाईंची. भागाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांचे उत्तर ठरलेले : “अंडं माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई!”

*

पहिला धडा पौंड केकचा. मैदा, साखर, लोणी, अंडी, प्रत्येकी एक पौंड, म्हणून ते नाव. पण आमच्याकडे बेकरीतला केकच मुळी पौंडावर मिळे. प्रमिलाचे यजमान श्रीपतराव दारातूनच मला म्हणाले, “माई, एक पौंड केक पायजे. पण दोन पौंडाचा.”

मालती म्हणाली, “पौंड केक चार पौंडांचा असतो.”

“मंग त्याला चार पौंड केक का म्हनत न्हाईत?”

मालतीने माझ्याकडे पाहिले. मॅट्रिकला इंग्रजीत उत्तम गुण मिळवलेली मी उठून ओव्हन पाहायला गेले!

*

पुढे एंजल केक, म्हणजे देवदूतांचे खाणे. त्यात अंड्यातले फक्त पांढरे घालायचे.

“पांढरं देवदूताला, आन् पिवळं कुनाला?” प्रमिलाने विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, “पिवळं आमच्या ह्यान्ला!”

हा केक भाजून झाल्यावर साच्यासकट उलटा टांगून निववावा लागतो, नाहीतर तो बसतो. साच्याचे नळकांडे अडकवायला लांब मानेची बाटली हवी. ती बाटली सरबताची होती, हे मी आजही ठामपणे सांगते. परंतु चार बायका एका बाटलीभोवती श्वास रोखून बसल्या आहेत, एवढेच खिडकीबाहेरच्या एका बाईने पाहिले. दिवेलागणीपर्यंत बातमी भागाबाईंकडे पोहोचली.

दुसऱ्या दिवशी शीला रडवेल्या चेहऱ्याने आली. “माई, आत्याबाई म्हनल्या, आता अंडं आन् बाटली, दोन्ही उंबऱ्याच्या भायेर!”

*

मध्यंतरी पालथ्या केकचा धडा झाला. तळाशी गूळ आणि फळे रचायची, वर पीठ ओतायचे, भाजल्यावर ताटात पालथा घालायचा, की फळे वर येतात. अननस मिळेना, म्हणून प्रमिलाने नारायणगावची द्राक्षे वापरली. केक देखणा झाला. तिने तो डब्यात घालून श्रीपतरावांच्या हाती आमच्याकडे पाठवला. मी झाकण उघडले, तो वर नुसता कोरडा केक, द्राक्ष एकही नाही!

श्रीपतराव अभिमानाने म्हणाले, “डबा वाटंत पालथा झाला व्हता वाटतं, माई. सगळी द्राक्षं वर आलती. मी केक येवस्थित सरळ करून आनला!”

*

शीलासाठी मालतीने अखेर वेडा केक काढला. टंचाईच्या काळात तिकडच्या बायकांनी शोधलेला हा प्रकार : अंडे नाही, दूध नाही, लोणीही नाही. मैदा, साखर, कोको आणि सोडा एकत्र करून त्यात तीन खळगे करायचे. एकात तेल, एकात व्हिनेगर, एकात व्हॅनिला. मग वरून पाणी.

भागाबाई जातीने पाहायला आल्या. मी त्यांना खुर्ची दिली. त्या ओव्हनसमोर जमिनीवरच बसल्या.

“खड्डे कशापायी? भुईमूग पेरायचाय व्हय?”

व्हिनेगरची बाटली उघडताच त्यांनी पदर नाकाला लावला. “ही कसली आंबलेली बाटली? तरीच गावात बोलत्यात!”

मालती समजावू लागली. मी तिला थांबवले आणि शीलाच्या हातावर लिंबू ठेवले. लिंबाला माळेची हरकत नसते. केक उत्तम झाला. भागाबाईंनी तुकडा हुंगला, मोडून पाहिला, खाल्ला आणि निकाल राखून ठेवला.

“ऐतवारी डिंभ्याला भावाच्या घरी नेते. तिथं कुनी नाव ठेवलं, तर पुन्यांदा इषय काढायचा न्हाई.”

*

रविवारी मीही गेले. एसटी आलीच नाही, तेव्हा टमटममधून गेलो. केकचा डबा शीलाच्या मांडीवर. वाटेत ती माझ्याशी बोलली नाही, सासूशी तर नाहीच.

भावाच्या घरी माणसे जमली होती. केक कापला, वाटला. सगळे खाऊ लागले. तेवढ्यात मिशीवाले एक पाहुणे तुकडा डोळ्यांसमोर धरून म्हणाले, “लई हलका झालाय, मावशी. पन अंड्याबिगर येवढा फुगतो व्हय? माळकऱ्याच्या घरात काय चाललंय म्हनायचं?”

खाणारे हात थांबले. भावाने हातातला तुकडा ताटलीत परत ठेवला. शीलाचा चेहरा उतरला. मी सोड्याचे शास्त्र सांगायला तोंड उघडणार, तोच भागाबाईंनी हाताने मला गप्प केले.

“पावणं, आमच्या घरात फुगायला अंडं लागत न्हाई! ही सून बघा की. पडवी देत न्हाई म्हनलं, तर चार दीस अंड्याबिगरच फुगून बसलीया!”

ओसरीवर हशा उसळला. भागाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शीलाकडे वळून सांगितले, “दिली पडवी. तुझा फुगवा उतरू दे आता. केकचा तेवढा उतरू देऊ नकोस!”