वायर सुटलेली, काटा लालात

चौथीपर्यंत शिकलोय, शुद्धलेखन नातीने तपासलंय. पण भूतखेत, देवचार असलं मी मानत नाही... आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं घर देवबागला. जांभ्या दगडाचे चिरे वाहायचा जुना ट्रक आहे, तो माझा धाकटा भाऊ वासू चालवायचा. गेल्या वर्षी वासू गेला, गाडी माझ्याकडे आली. मुलगा मागे लागला, "बाबानू, इंजिन तापता, मीटर बंद. भंगारात घाला." म्हटलं, नवा टेम्परेचर मीटर बसवून दाखवतो!

बसवला. काटा हलेना.

"मेकॅनिकाक बोलवा ओ," बायको म्हणाली. "सकाळपासून बोनेटात तोंड घालून बसलासात."

"गप रव गो. चाळीस वर्सां लोकांच्यो गाडयो हाकलंय."

शेवटी चूक सापडली. पाणी गळू नये म्हणून इंजिनातल्या सेन्सरला मी टेप गुंडाळली होती, त्याला अर्थिंगच मिळत नव्हतं. टेप काढली — काटा हलला! मग रेडिएटरात घरच्या विहिरीचं पाणी ओतलं.

"वासूभावजी ह्या पाणी कधी घालीत नसत. खारा आसा. धामापूरच्या तळ्याचा हाडीत," बायको म्हणाली.

"पाणी ता पाणी." वर्षभर मी हेच ओतत होतो.

तिला शेजारी बसवून गाडी फिरवून बघायला निघालो. काटा ऐंशीवर, अगदी स्थिर. धामापूरच्या अलीकडे चढावर मात्र सरळ लालात गेला. गाडी थांबवली, निवू दिली, बघतो तर रेडिएटर खाऱ्या पाण्याने खालून कुजून गळलेला, आत थेंब नाही. थोडं पुढे गेलो असतो तर इंजिन जाम, आणि गाडी भंगारात.

आणि सेन्सरची वायर...? सुटी! काटा हलल्यावर सेन्सर शेवटचा घट्ट आवळताना मीच ती काढून, टोकाला टेप लावून बाजूला ठेवली होती. जोडायची राहिलेली.

बायको बघत राहिली. "मगे काटो कोणी हलवल्यान?"

सीटमागे वासूचा कॅन होता. तळ्याचं पाणी आणलं, गळतीला साबण चोळला, हळूहळू घर गाठलं.

मेकॅनिक म्हणतो, वायर सुटली की काटा शून्यावरच राहणार. बरोबर आहे. दर रविवारी इंजिन गरम करून, वायर काढून मी केबिनमध्ये बसतो. काटा एकदाही हललेला नाही. का हलला होता, मला अजून माहीत नाही.

मुलगा परवा म्हणाला, "भंगारवाल्याक कधी बोलवू?"

म्हटलं, "हो काटो माका कळल्याशिवाय ह्या गाडयेक कोण हात लावूचो नाय."