गालावरची चीर

गेल्या डिसेंबरात बसवनगुडीतल्या एका छोट्या सभागृहात नाताळचा जुना इंग्रजी सिनेमा दाखवत होते. सुरू व्हायच्या आधी मी फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून शेजारचे म्हातारे गृहस्थ कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "अक्का, मला आता नीट दिसत नाही. पडद्यावर रोमन नाणं आलं की स्वल्प सांगशील?"

सिनेमात सगळ्यांनी फालतू ठरवलेलं एक नाणं दुर्मिळ निघतं आणि एका थकलेल्या प्राध्यापकाला रखडलेलं पुस्तक लिहायचं बळ देतं. ते नाणं दिसताच मी कुजबुजले. त्यांनी लगेच अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, जणू नाणं कडेनं धरलं होतं.

नंतर कॉफी पिताना कळलं, ते बेळगावकडचे. एका संग्रहालयात त्यांनी आयुष्यभर जुनी नाणी साफ केली होती.

"इथंच, ह्या शहरात खोदताना रोमन चांदीची नाणी निघाली होती," ते म्हणाले. "एकावरची माती काढली, तर राजाचं तोंड दिसलं. गालावर चीर होती."

"कशाची?"

"चांदी खरी का बघायला इथल्याच कुणीतरी छिन्नी मारलेली. एवढ्या मोठ्या राजाच्या तोंडावर. मला राजापेक्षा त्या माणसाचं नवल वाटलं. दोन हजार वर्षांनी त्याचा हात माझ्या हाताला लागला बघ."

मग माझा तळहात धरून त्यांनी नखानं हलकेच एक रेघ ओढली. "सरी, बरोबर. एवढीच होती."

सर्जापूर रोडला घरी परतताना बसमध्ये मी तळहात उघडा ठेवून बसले होते. त्यावर काहीच उमटलं नव्हतं, तरी मला मूठ मिटवत नव्हती.