फोन वाजल्यास उचलू नये

आमच्या जुन्या मोबाइल कंपनीने मालवणच्या किनाऱ्यावर जे चालवलं होतं, त्याला सेवा म्हणत नाहीत. रिचार्जचे पैसे अख्ख्या महिन्याचे घ्यायचे आणि रेंज द्यायची मर्जी झाली तर. वीज गेली की टॉवर गेला, आणि वीज आमच्याकडे ढग नुसता दिसला तरी जाते. मला पत्रकं काढायची खोड आहे; हे मी एका पत्रकात लिहिलं होतं, इथे फक्त शिव्या गाळल्यात.

माझी आई मासे विकते. तिचा धंदा याच फोनवर चालायचा, तोही एक शब्द न बोलता. सकाळी बंदरावर लिलावात मासे घेतले की ती मसुरे गावातल्या आपल्या गिऱ्हाइकांना मिस्ड कॉल द्यायची. फोन एकदा वाजला तर बांगडा. दोनदा वाजला तर इसवण, म्हणजे बाकीच्यांची सुरमई. वाजलाच नाही तर होड्या रिकाम्या आल्या, कुळथाची पिठी करा. आई पाटी घेऊन रिक्षाने पोचेपर्यंत घराघरांत खोबरं वाटून तयार असायचं.

जुन्या कंपनीत दुसरा कॉल लागायचाच नाही. मग बांगड्यासाठी तिरफळं काढून बसलेल्या बाईपुढे आई इसवण उतरवायची आणि ती ओरडायची, "गो, फोन एकदाच वाजलो मा! आता ह्या वाटपाचा काय करू?"

हे फार झालं, तेव्हा आईने कंपनी बदलायचं ठरवलं. मी लगेच सह्यांची मोहीम काढायला निघाले.

"कार्ड बदलूचा आसा," आई म्हणाली, "सरकार नाय."

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, पण त्यासाठीचा मेसेज जुन्या कंपनीच्याच रेंजमधून पाठवावा लागतो. जी रेंज नाही म्हणून आम्ही सोडून चाललो, तिच्याकडेच सोडण्याची परवानगी मागायची! आम्ही दोघी वर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर गेलो. मी फोन डोक्यावर धरून उभी, आई लांबून सांगतेय, "हयसर नाय गो, थयसर!" कुठल्या मोर्चात मी इतका वेळ हात वर ठेवलेला नाही.

नवीन कार्ड खरंच चांगलं निघालं. बंदरावर पूर्ण रेंज, रिचार्ज स्वस्त, बोलणं कितीही. आई खूश होती. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पण मी पत्रक काढलं. 'मिस्ड कॉलची गुलामी संपली! भगिनींनो, फोन उचला! मनमोकळं बोला!' आईने ते वाचलं आणि लेकीने लिहिलंय म्हणून मसुऱ्यात घरोघरी स्वतःच्या हाताने वाटलं.

दुसऱ्या दिवशी भगिनींनी फोन उचलला.

पहिली म्हणाली, "इसवण केवढ्याक आसा? गेल्या खेपेक म्हाग दिलंस. कमी करतलंस तर घेवन ये."

दुसरीला कोळंबी हवी होती. म्हणाली, "इसवण नको गो. सुंगटा मिळतत काय बघ."

तिसरीने सुनेची तक्रार पहिल्यापासून सांगितली. आई कानाला फोन लावून उभी, बर्फ वितळतोय, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. आणि तक्रार संपल्यावर, "आज नको गो, फणसाची भाजी केलंय."

मासे तर लिलावात घेऊन झालेले. त्या दिवशी पाटी अर्धी भरलेली परत आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आईने उरलेले मासे खारवायला मीठ काढलं. आम्ही तीनही दिवस दोन्ही वेळा इसवण खाल्ली. इतकं श्रीमंत जेवण मी इतक्या खाली मानेने कधी जेवले नव्हते.

"दारात पाटी उतरयली की मासो बोलता," आई मीठ चोळत म्हणाली. "फोनार बायकाच बोलतत. आणि खोबरा वाटून बसलेली बाई मासो परत धाडना नाय. आता आधी फोनार भाव, मगे खोबरा."

मी म्हटलं, "पण आये, गिऱ्हाइकाला विचारायचा अधिकार आहे की नाही?"

"मगे उद्या तू पाटी घे, आणि त्येंका अधिकार वाट."

मी मिठाचा डबा तिच्यापुढे सरकवला.

रात्रीचं जेवण उरकल्यावर तिने मला कागद घेऊन बसवलं. मी सुरुवात केली, 'समस्त मत्स्यप्रेमी भगिनींना जळजळीत आवाहन'. तिने ते खोडायला लावलं. उद्गारचिन्हं काढायला लावली. उरलं ते असं: 'फोन वाजल्यास उचलू नये. एकदा बांगडा, दोनदा इसवण. भाव दारात.'

"निदान खाली धन्यवाद तरी लिहू?"

"कित्याक? त्येंनी उचलल्यानी म्हणान तर ह्या झाला."

उचला असं कोणी लिहिलं होतं, ते तिने काढलं नाही. त्याबद्दल मी मनात धन्यवाद म्हटलं.

पत्रक वाटून झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मीही बंदरावर गेले. इसवण आली होती. आई एकेका नंबराला दोनदा वाजवून ठेवत होती. कोणी उचललं नाही. मी सुटले म्हणेपर्यंत त्या सुनेवालीने उचललाच.

"हॅलो! वाचलंय गो तुझा पत्रक. फोन उचलूचा नाय मा?"

"नाय!" आई ओरडली आणि फोन ठेवला.

दुपारी आई आली ती हलकी पाटी काखेत मारून. मसुऱ्यात पत्रक स्वयंपाकघराच्या दारांना चिकटवलंय म्हणाली, त्या सुनेवालीकडे तर कॅलेंडरच्या शेजारी. माझं कुठलंच पत्रक आजवर कोणी भिंतीला लावलं नव्हतं. तिने पाटी धुतली, पायरीवर उपडी घातली आणि मला वाढलं. भात आणि कुळथाची पिठी.

"मासो खंय?" मी विचारलं.

"इकलंय सगळो," आई म्हणाली. "जेव गप."