न खाल्लेल्या भेंडीसाठी कुरासाओ

कबूल करतो, हे लिहायला मी अठरा दिवस टाळाटाळ केली. आधी म्हणालो फोटो निवडायचेत, मग म्हणालो गोदामात शिफ्ट वाढल्यात. खरं कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच. पण उद्या आमचे सासरे पुण्याला परत चाललेत. आज लिहिलं नाही तर मी सगळं सोयीस्करपणे विसरून जाईन, मी मला ओळखतो.

तर सासरे, म्हणजे मुग्धाचे बाबा. आयुष्यभर जहाजांच्या इंजिन रूममध्ये नोकरी केली. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी विलेमस्टाडला अडकलं. विलेमस्टाड म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटाचं बंदर. शहराच्या मधोमध खाडी आणि खाडीवर होड्यांवर तरंगणारा लाकडी पूल. जहाज आलं की पूल दारासारखा एका बाजूला सरकतो. त्या पुलावर फेलिक्स नावाचा माणूस कामाला होता, बाबांची त्याच्याशी गट्टी जमली. त्याने एका रविवारी बाबांना जेवायला बोलावलं. आमचे बाबा शुद्ध शाकाहारी. तिकडे भेंडीच्या सूपमध्येसुद्धा, गियांबो म्हणतात त्याला, मासे आणि खारवलेलं मांस घालतात. फेलिक्सच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा मांसाशिवाय भेंडी केली, शेजारपाजारचे लोक बघायला येणार होते म्हणे. आणि त्याच सकाळी जहाज निघालं. निरोप द्यायला वेळ नाही, फोन नाही. बाबा न जेवता गेले.

"एका माउलीने माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक केला आणि मी पानावर बसलो नाही," हे वाक्य मी लग्नानंतरच्या तीन वर्षांत पन्नासदा ऐकलंय. या वेळी बाबा आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्पला, दोन महिन्यांसाठी आले, सासूबाई गुडघ्यांमुळे पुण्यातच राहिल्या. मुग्धा म्हणाली, "त्यांना एकदा घेऊन जा रे तिकडे. ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज आहे, मला जमणार नाही. बुकिंग तूच कर, तुला वेळ असतो."

मला वेळ असतो. बायको आयटीत, मी तिच्या परमिटवर आलेला नवरा, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलेलं, आठवड्याचे तीन दिवस गोदामात पार्सलं लावतो. केलं बुकिंग. कुरासाओ नेदरलँड्सच्याच राजाच्या राज्यात, विमान आमच्या स्खिपोल विमानतळाहून थेट, म्हणजे मुंबईहून अंदमानला गेल्यासारखंच ना?

नाही. वाचकहो, नाही.

चेक-इनच्या काउंटरवरच्या बाईंनी माझं रहिवासी कार्ड बघितलं, मान डोलावली. मग बाबांचा पासपोर्ट उघडला आणि व्हिसावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. एक. "या व्हिसावर एकदाच आत येता येतं. हे बाहेर गेले तर परत येणार कसे? आणि बेटासाठी वेगळा व्हिसा लागतो, तो कुठेय?"

मी मुग्धाला फोन लावला.

"ओंकार, तुला एक काम दिलं होतं. एक!"

"अगं पण राजा एकच आहे ना..."

"राजा एक असेल, व्हिसा दोन आहेत! वाचलं नाहीस तू?"

बाबा शांतपणे ट्रॉलीवरून आपली बॅग उतरवत होते. इस्त्रीचा शर्ट, नवीन बूट. म्हणाले, "ओंकारराव, तुम्ही वाचता की नुसतं बघता?" आणि मग, "तिकीट वाया घालवू नका. जा. फेलिक्स असेल तर त्याला सांगा, मी मुद्दाम नाही चुकवलं." ते एकटे हूफडॉर्पच्या बसमध्ये बसले. मी दहा तास विमानात बसून स्वतःला शिव्या घातल्या.

(ज्यांचे आईवडील इकडे येणार आहेत त्यांच्यासाठी: व्हिसावर किती वेळा प्रवेश आहे ते तिकीट काढायच्या आधी बघा. तुमचं स्वतःचं कार्ड चालतं, फक्त निघण्यापूर्वी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो.)

पहिला दिवस. उतरल्या उतरल्या ऊन असं अंगावर आलं की नेदरलँड्सचं जॅकेट हातात घेऊन मी वेड्यासारखा उभा. दुसरा धक्का फोनचा. युरोपातलं रोमिंग इथे चालत नाही, तेव्हा विमानतळावरच लोकल सिम घ्या. मी घेतलं नाही. बाबांच्या तीन व्हिडिओ कॉलनी माझा महिन्याचा प्लॅन खाल्ला. तिन्ही कॉल एकाच विषयावर: "पूल दाखवा. असा नाही, आडवा धरा. डावीकडे घ्या. माझी डावी!"

पूल मात्र खरंच बघावा. पलीकडे रंगीत घरांची रांग, प्रत्येक फोटोत असते तीच. नारिंगी झेंडा लागला की पूल थोडा वेळ उघडणार, निळा लागला तर बराच वेळ, मग फुकटच्या फेरीबोटीने पलीकडे जायचं. पूल सरकायला लागला तेव्हा मी वरच होतो. कुणी उतरवत नाही, तुमच्यासकट सरकतो. टोकाच्या केबिनमधल्या माणसाला फेलिक्सबद्दल विचारलं.

"कुठला फेलिक्स? माझा काका फेलिक्स, माझा न्हावी फेलिक्स."

"चाळीस वर्षांपूर्वी पुलावर कामाला होता."

"चाळीस वर्षांपूर्वी मी दुधाची बाटली पीत होतो, साहेब. ओत्रोबांदात जा, म्हातारे तिथे डॉमिनो खेळतात."

ओत्रोबांदा म्हणजे खाडीच्या पलीकडचा जुना भाग. गेलो. झाडाखाली चार म्हातारे सोंगट्या टेबलावर आपटत होते, बंदुकीचा बार उडावा तशा. एक उठला, बाकीचे मला म्हणाले बस. बसलो. दोन तास हरलो. फेलिक्सबद्दल विचारायचं राहूनच गेलं.

दुसरा दिवस त्याहून वाईट, म्हणजे त्याहून छान. शोधायला म्हणून गाडी भाड्याने घेतली. बसच्या भरवशावर राहू नका, ती मनात आलं तर येते. गाडीचे दिवसाला चाळीस-पन्नास डॉलर पडतात. पश्चिमेकडे फेलिक्स नावाचं कुणी राहतं असं गेस्ट हाऊसवाली म्हणाली होती. वाटेत मिठागरात फ्लेमिंगो दिसले म्हणून थांबलो, पुढे एक निळा समुद्रकिनारा दिसला म्हणून पुन्हा थांबलो. पाणी इतकं स्वच्छ की पायाची नखं मोजता येतील. संध्याकाळी पाठ भाजलेली, केसांत वाळू, आणि बाबांचा मेसेज: "काही कळलं का?" मी "शोध चालू आहे" असं लिहिलं. त्या क्षणी मला माझाच इतका राग आला की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठलो. मुग्धाला हे पटत नाही, पण उठलो.

तिसरा दिवस. जुन्या बाजारात मोठ्या शेडखाली बायका चुलीएवढ्या पातेल्यांत जेवण रांधतात, लांब बाकांवर बसून खायचं. शाकाहारी असाल तर हाल आहेत. चीजची पास्तेची, म्हणजे आपल्या करंजीची मोठी खारी बहीण, आणि मक्याच्या पिठाची घट्ट फुंची मिळते. फुंचीला लसणाच्या चटणीची फार गरज आहे असं माझं मत. एका पातेल्यासमोरच्या आजीबाईंना मी भेंडीची गोष्ट सांगितली. का कोण जाणे, पुलाबद्दल न विचारता जेवणाबद्दलच सांगितली. त्यांनी डाव खाली ठेवला.

"मांसाशिवाय गियांबो? ती फेलिक्सची आई! आम्ही वर्षभर तिला हसत होतो. कुणीतरी हिंदू येणार म्हणून केलं आणि तो आलाच नाही."

मी घाईघाईने विचारलं, "फेलिक्स कुठे असतात?"

"आई गेली बिचारी. फेलिक्स मुलीकडे. हॉलंडला."

"हॉलंडला कुठे?"

"कापेल. कापेल आन डेन आयसेल."

रॉटरडॅमच्या शेजारी. आमच्या घरापासून तासाभरावर! मी त्या बाकावर डोकं टेकलं. आजीबाईंना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी चिंचेचं सरबत आणून दिलं, पैसे घेतले नाहीत. मुलीचा नंबरही दिला.

घरी आल्यावर बाबांचा चेहरा बघायला हवा होतात. "कापेल? म्हणजे ट्रेनने जाता येतं? आणि व्हिसा?" असं विचारून स्वतःच हसले. शनिवार ठरवला, शर्टाला पुन्हा इस्त्री केली. आणि मी त्या मुलीला, शर्लीला, फोन केला.

इथेच ते खरं कारण. शर्ली दोन मिनिटांनी फोनवर परत आली आणि संकोचून म्हणाली, "पप्पांना विचारलं. त्यांना कुणी इंडियन आठवत नाही. खूप जहाजं आली, खूप माणसं जेवून गेली. उगाच तुमचे सासरे येतील आणि दोघांनाही वाईट वाटेल."

हे मी बाबांना काय सांगणार? सांगितलं, फेलिक्सना सर्दी झालीय. पुढच्या शनिवारी सांगितलं, ते बाहेरगावी गेलेत. ऐंशीच्या घरातला माणूस, सर्दीतून उठून बाहेरगावी! बाबा रोज चहाच्या वेळी विचारायचे, "झाला का फोन?" मग विचारायचे थांबले. परवा मुग्धाला म्हणाले, "राहू दे. रागावला असेल तो. रागवायलाच पाहिजे." मुग्धाने माझ्याकडे बघितलं. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "तू सांग नाहीतर मी सांगते." मी म्हणालो, उद्या. काल रात्री शर्लीला लांबलचक मेसेज केला, बाजारातल्या आजीबाई, पन्नासदा ऐकलेलं वाक्य, आमचा पत्ता, उद्याचं विमान, सगळं. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

तर प्रवासातून काय राहिलं म्हणाल, पाठीची सालं अजून निघतायत आणि बेट मला पुन्हा बघायचंय, या वेळी व्हिसा वाचून. बाकी एक खोटं राहिलं होतं. ते आज जेवणानंतर बाबांना सांगायचं असं ठरवून हे लिहायला बसलो. बाबा आत बॅग भरतायत, वजनकाट्यावर चढवून उतरवून.

आत्ता खाली बेल वाजली म्हणून मुग्धा जाऊन आली. धापा टाकत सांगतेय: "ओंकार, शर्ली आलीय. आणि तिचे पप्पा. त्यांना जिना चढवत नाही, खालीच उभेत. म्हणतायत, मला अजूनही काही आठवत नाही, पण आईचं जेवण चुकलं म्हणून चाळीस वर्षं ज्याला चैन नाही, तो माणूस मला बघायचाय."