निवडीत न बसलेला आजार

आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर एका डॉक्टरांनी आम्हा दोघांना शेजारी बसवून विचारलं, "तुमच्यात संबंध अजून आहेत का?"

मुंबईतलं हॉस्पिटल, भर दुपार. सकाळपासून बाकावर बसून माझी कंबर धरली होती. डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाचे असतील. यांनी मांडीवरची रिपोर्टांची फाईल सरळ केली.

"मी बाहेर थांबू का?" मी विचारलं.

"बस गं. तुझ्यापासून काय लपवायचंय?" मग घसा साफ करून हे डॉक्टरांना म्हणाले, "आहेत. पूर्वीसारखे नाहीत, पण आहेत."

"विचारावं लागतं, काका. जे वाचवायचं ते मुळात शाबूत आहे का, हेही बघूनच या उपचाराला माणूस निवडतो."

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. मी रत्नागिरीत शाळेत शिकवत होते, हे आंब्याची बाग बघत. लघवीची तक्रार म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे गेले, रक्ताच्या तपासणीत काहीतरी वाढलेलं निघालं, मग सुईने तुकडे काढले आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. एकाच बाजूला, अगदी थोडा.

यांचे एक चुलतभाऊ सावर्ड्याला असतात. त्यांना हाच आजार झाला तेव्हा सगळी ग्रंथी काढली होती. जीव वाचला, पण लघवीवर ताबा राहिला नाही. लग्नकार्याला आले तरी दाराजवळची खुर्ची धरून बसायचे आणि पंगतीच्या आधीच निघून जायचे. हे सगळं यांनी पाहिलेलं. त्यामुळे डोंबिवलीच्या माझ्या दिरांनी फोनवर सांगितलं, की हल्ली फक्त आजाराची जागाच ध्वनिलहरींच्या उष्णतेने जाळतात, बाकीचं तसंच ठेवतात, तेव्हा यांनी तेच धरून ठेवलं. मोहोराचे दिवस होते. फवारणी गड्यावर सोपवून हे मुंबईला निघाले. मी रजा टाकली.

डॉक्टरांनी घाई केली नाही. कागदावर ग्रंथीचं चित्र काढून त्यांनी आम्हाला समजावलं. आजार दिसेल, दाखवता येईल असा हवा. एका जागी हवा. फार उग्र नको, पसरलेला तर नकोच. "आणि इतका किरकोळही नको, की ज्याला काही केलं नाही तरी चालेल," ते म्हणाले. "तुमच्याकडे काढलेले तुकडे थोडे आहेत. दुसरी बाजू खरोखर स्वच्छ आहे का, हे मला आधी बघू दे."

मग एमआरआय झाला. भूल देऊन पुन्हा तुकडे काढले, या वेळी सगळ्या बाजूंनी. प्रत्येक वेळी रत्नागिरीहून गाडीने जायचं, दिरांकडे उतरायचं, तिथून हॉस्पिटल. गाडीत मी वह्या तपासायचे. दिरांच्या घरी पाहुण्यासारखं हसायचं, आणि बाथरूममध्ये यांच्या लघवीतून रक्त येतंय का, ते बघायचं. मला रडू येत नव्हतं. झोप येत होती, सारखी.

निकालाच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "दुसऱ्या बाजूलाही आहे. सौम्य आहे, पण ठिपक्या-ठिपक्यांनी आहे. एक जागा जाळून काही साधणार नाही. आणि आजच्या आज सगळी ग्रंथी काढावी, असंही हे नाही."

"म्हणजे मी कशातच बसत नाही?"

"तुमचा आजार बसत नाही, काका. त्याच्यावर लक्ष ठेवायचं. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, लागलंच तर पुन्हा तुकडे. वाढायला लागला तर उपचार करूच."

खरं तर ही चांगली बातमी होती. पण नोकरीच्या मुलाखतीतून परत पाठवलेल्या माणसासारखे हे जिना उतरले. परतीच्या गाडीत चिपळूण आलं. मग एकदम म्हणाले, "अंगात कॅन्सर घेऊन बागेत हिंडू मी?"

"डॉक्टर म्हणतात तर हिंडा," मी म्हटलं. त्याहून जास्त काही सुचण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

घरी आल्यावर लोक विचारायचे, "अजून काही केलं नाहीत?" कॅन्सर आहे आणि उपचार नाही, हे कुणाला पटेना. यांना तर मुळीच नाही. दोनदा यांनी सगळं काढूनच टाकायचं ठरवलं. दुसऱ्यांदा तर बॅगही भरली. तेव्हा सावर्ड्याचे चुलतभाऊ मुद्दाम येऊन गेले. ओटीवर चहा घेताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या विषयावर बोलले. "माझा आजार मोठा होता, मला काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुला आहे. तर बस की गप." यांनी बॅग रिकामी केली, पण गप्प काही बसले नाहीत.

रक्त दिल्यापासून निकाल येईपर्यंत घरात कुणी धड जेवत नसे. हे उठून अंगणात फेऱ्या मारायचे, मी एकच भांडं पुन्हा पुन्हा घासायचे. आकडा थोडा वर, थोडा खाली, पुन्हा तिथेच. वर्ष-दीड वर्षाने मुंबईला नेऊन पुन्हा तुकडे काढले. आजार होता तेवढाच होता. डॉक्टर खूश झाले. आम्ही मान डोलावली आणि स्टेशनवर जाऊन वडापाव खाल्ला.

यांची भीती धीराने गेली, असं मी म्हणणार नाही. ती कंटाळ्याने गेली. रोज रोज घाबरायलाही अंगात ताकद लागते. पुढे एकदा मी शाळेतून आले तर हे पडवीत पिशवी घेऊन बसलेले.

"कुठे गेला होतात?"

"रक्त देऊन आलो. येताना बांगडे बरे मिळाले."

मला न सांगता गेले होते, एकटेच. मी पिशवी घेतली, विळी काढली आणि बांगडे साफ करायला बसले. निकाल कधी येणार, हे त्या दिवशी मी विचारलंसुद्धा नाही.