बत्तीचा दगड आणि ओलं पोतं

आमच्या सासरी जपायची प्रत्येक वस्तू ओल्या पोत्याखाली जात असे. माळ्याचं घर. झेंडू, मेथी, पालक, जे काही खुडलं ते मधल्या खोलीत पसरायचं, वर भिजवलेलं पोतं टाकायचं आणि येता-जाता त्यावर पाणी शिंपडायचं. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत फुलांचं दुकान लावत. त्या दुकानातल्या बत्तीसाठी त्यांनी अमरावतीहून कारबाइडचा डबा आणला. आगीपासून जपा, असं दुकानदारानं सांगितलं होतं. म्हणून त्यांनी तो झेंडूच्या शेजारी, ओल्या पोत्याखाली ठेवला.

माझे वडील अकोल्याला सायकली दुरुस्त करत. सायकलच्या दिव्यात ते हाच कारबाइडचा करडा दगड घालत. वरून पाण्याचा थेंब पडला की त्यातून गॅस निघे आणि तो गॅस जळे. कोरडा असेपर्यंत हा दगड गरीब असतो. वडील डबा उघडायचे तो अंगणात, वाऱ्यावर, हात पुसून आणि विडी विझवून. आम्हा पोरांना ते जवळ फिरकू देत नसत.

भासऱ्यांनी आल्या दिवशीच डबा उघडून शेजाऱ्यांना दगड दाखवले आणि झाकण ठोकून बसवलं. ते वाकडं बसलं. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत लसणासारखा उग्र वास होता. मी डब्याला कान लावला. आत सुरसुर चालली होती. आणि माझी लहान मुलगी त्याच डब्याला टेकून झेंडूचे देठ खुडत बसली होती.

आमच्या घरात सुनेनं भासऱ्यांसमोर बोलायचं नाही. काही सांगायचं झालं तर मुलीच्या तोंडून. डबा कोरड्यात ठेवा, असं तिनं सांगितलं, ते हसले. मी जावेला सांगितलं. ती फुलं विकत घ्यायला आलेल्या बायांसमोर म्हणाली, "इच्या बापाले तेल भेटत नसन, म्हनून दगड पेटवत असन. आता आमाले शिकवून राहिली." बाया पोट धरून हसल्या. नवरा म्हणाला, दादाला काय समजत नाही का, आणि मळ्यात निघून गेला. मी डबा उचलून गोठ्यातल्या कोरड्या कोनाड्यात ठेवला. जावेनं तो परत आणला आणि माझ्याकडे बघत पोत्यावर तांब्याभर पाणी जास्तच ओतलं.

त्या माणसांपेक्षा मला तो दगड बरा वाटू लागला. आपल्याला काय सोसत नाही, ते तो वासानं तरी सांगत होता.

मी मुलीला त्या खोलीत बसू देईना. जाऊ तिला हाक मारी, मी तिला दुसऱ्या कामाला लावी. यावरून रोज भांडण होई. म्हणजे जाऊ भांडे आणि मी गप्प राही.

जत्रेला निघायच्या दिवशी बैलगाडी जुंपली होती. बत्ती भरून घ्यावी म्हणून भासरे विळा आणि पेटता कंदील घेऊन मधल्या खोलीत गेले. त्या खोलीला खिडकी नाही, दिवसासुद्धा अंधार. कंदील त्यांनी डब्याजवळच टेकवला. झाकण निघेना. त्यांनी मुलीला हाक मारली, "ये वं, डबा धर." ती धावली. मी उंबऱ्यातच तिचा दंड धरला. निरोप द्यायला दुसरं मूल घरात नव्हतं.

"पोरगी येनार नाही," मी म्हटलं. "आंधी तो कंदील भाईर न्या."

इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीला म्हणाले, "हिले जीभ फुटली वाट्टे." आणि स्वतःच डबा पायात दाबून विळ्याचं टोक झाकणाखाली घातलं.

भडका छतापर्यंत गेला. झाकण उडून आढ्याला लागलं. भासऱ्यांच्या मिशा, भुवया जळाल्या, दोन्ही हात सोलल्यासारखे झाले. दगड ओल्या जमिनीवर सांडून जळत होते. जाऊ घागर घेऊन आली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं ती ओतली. ज्वाळा दुप्पट झाली. मी तिला ढकलून दिलं, चुलीमागची कोरडी राख सुपानं आणून टाकत राहिले. झेंडूचा ढीग करपला. मुलगी उंबऱ्याबाहेर उभी होती, तिला काही झालं नाही.

पुढे घरात असं ठरलं की, सून मध्येच बोलली, भासरे दचकले, म्हणून हात भाजले. जाऊ हे अजूनही पाहुण्यांना सांगते.

पुढच्या कार्तिकात भासरे नवा डबा घेऊन अंगणात उभे राहिले. हातांवर पांढरे डाग होते. मुलीला म्हणाले, "तुया मायले इचार, हा कुठी ठेवू."

मी भाकरी थापत होते. मुलीला म्हटलं, "सांग त्याह्यले, कोरडा ठेवा म्हना. तुमच्याच खाटेखाली."