बाबांच्या वर्षश्राद्धाचं पाणी

मालिका बघते म्हणून बायकोला मी आयुष्यभर टोमणे मारले. स्वतः मात्र संध्याकाळी बातम्यांच्या चॅनेलवरच्या भांडणांपुढे बसलो की मला उठवत नसे. आठ चौकोनांतून आठ माणसं ओरडायची आणि सोफ्यावरून नववा मी.

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशीही तेच. आमच्या कॅम्प चार वस्तीत पाणी साडेसहाला येतं, जेमतेम पाऊण तास. दुसऱ्या दिवशी तर पाणी बंदच होतं. आईचा एकच हट्ट होता, बाबांचा स्वयंपाक घरातच व्हायला हवा, तोही ताज्या भरलेल्या पाण्यावर. बाजारात जाताना बायकोने बजावलं, "आज टीव्ही नको हं. पाणी आलं की मोटर लावायचीय."

मी टीव्ही लावला, पण आवाज बंद ठेवला. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, ते ऐकू यायला हवं ना! आमच्या गल्लीत त्या वेळी सगळ्यांचेच टीव्ही मुके असतात. सहा पस्तीस झाले, चाळीस झाले. नळ गप्प. तरी नजर पडद्यावरून हलेना. तेवढ्यात माझ्या डोक्यात जाणारा तो प्रवक्ता तावातावाने हात नाचवू लागला. काय बरळतोय मेला? एकच मिनिट म्हणून मी आवाज वाढवला.

आतून आईने हाक मारली. पुन्हा मारली.

"अगं, गप्प बस ना जरा! ऐकू दे!" मी खेकसलो.

ती गप्प बसली.

जाहिराती लागल्या तेव्हा साडेसात वाजून गेले होते. मोटरचं बटण उंचावर, आईचा हात पोहोचत नाही; धावत जाऊन मी ते दाबलं. नुसती घरघर. पाणी येऊन गेलं होतं.

मोरीत आई ओल्या फरशीवर बसली होती. पाण्याला दाब नाही म्हणून आमचा नळ जमिनीत खड्डा करून बसवलेला. एरवी तिला गुडघे वाकवता येत नाहीत. त्या खड्ड्यातून तांब्या-तांब्याने तिने एक कळशी भरली होती. पातळ कमरेपर्यंत भिजलं होतं.

"मोठ्याने ओरडायचं नाही का?" मी म्हणालो. राग स्वतःवरचा होता, निघाला तिच्यावर. लाज वाटली. तिला उठवायला मी हात पुढे केला.

तिने तो धरला नाही. खालूनच माझ्याकडे बघत विचारलं, "संपलं का रे तुझं? बोलू मी आता?"